‘मी भाकरी खाल्लो’ हे वाक्य कुठं शोधायचं?

माझे मामा लातूरकडचे. जेवलात का असं विचारलं की म्हणतात, ‘‘केव्हाच! दोन भाकरी खाल्लो की.’’ पुण्यात वाढलेली माझी मुलगी लहानपणी यावर खो खो हसायची, कारण तिच्या शाळेत ‘मी भाकरी खाल्ली’ असं होतं. मामा ते हसण्यावारी न्यायचे. तिला मात्र उत्तर हवं होतं. आजोबा चुकतात का?

हा प्रश्न चार भाषावैज्ञानिकांना विचारला तर चौघं चार वाटांनी निघतील. एक खुर्चीत बसून स्वतःच्याच कानाला विचारील. दुसरा संगणकावर लाखो शब्दांचा साठा, म्हणजे कॉर्पस, उघडील. तिसरा प्रयोगशाळेत माणसं बोलावील. चौथा एसटी धरून लातूर गाठील. संशोधनपद्धतींचं पुस्तकी वर्गीकरण साधारण असंच असतं, आणि विद्यार्थी ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या यादीसारखं पाठ करतात. मला ते वरवरचं वाटतं. कोण कुठल्या वाटेनं जाणार हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. भाषा नावाची वस्तू राहते कुठं, याबद्दल ज्याची जी समजूत, तिकडं त्याचे पाय वळतात.

खुर्चीवाल्याची टिंगल करणं सोपं आहे. पण पाच मिनिटं बसून तर बघा. ‘मी भाकरी खाल्ली’ यात खाणारा मी, पण ‘खाल्ली’तला ईकार भाकरीचा. आंबा असता तर ‘खाल्ला’ झालं असतं. हा शाळेतला कर्मणी प्रयोग. आता ‘तू भाकरी खाल्लीस’ घ्या. ‘ली’ भाकरीची आणि शेवटचा ‘स’ तुझा. एकच क्रियापद दोन धन्यांची चाकरी करतंय. आणखी पुढं जा: ‘मी छत्री विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’, ‘मी चहा प्यायलो’. छत्री स्त्रीलिंगी, कर्म म्हणून समोर उभी, तरी सदाशिव पेठेतला पुरुषही ‘मी छत्री विसरली’ म्हणत नाही. म्हणजे मामांच्या ‘खाल्लो’ची भावंडं प्रमाण मराठीच्या घरात आधीपासून नांदताहेत. फरक एवढाच, की आपण विसरण्याला एक न्याय लावतो आणि खाण्याला दुसरा. मामांच्या बोलीत दोघांना एकच न्याय आहे. व्याकरण म्हणून पाहिलं तर त्यांचंच जास्त सुटसुटीत!

हे सगळं हाती लागायला ना रेकॉर्डर लागला ना आकडेमोड. ‘मी छत्री विसरली’ हे वाक्य मराठी पुरुषाच्या तोंडी येत नाही, ही माहिती कुठल्याही ग्रंथसाठ्यात नुसतं वाचून मिळत नाही. ते वाक्य मुद्दाम बनवून कानाला विचारावं लागतं. भाषावैज्ञानिक अशा अडखळणाऱ्या वाक्यापुढं तारांकन करतात. अमेरिकी भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५७ नंतर या पद्धतीला जी प्रतिष्ठा दिली तिच्यामागं एक तत्त्वज्ञान आहे. मूल ऐकतं थोडं आणि बोलू शकतं अमर्याद. तेव्हा व्याकरणाचा पाया मनातच असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा बुद्धिवाद. चॉम्स्कींनी स्वतःच त्याचं नातं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तशी जोडलं आणि १९६६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. भाषा मनात असेल, तर मनात डोकावणं हीच सरळ वाट.

पण डोकावायचं कोणाच्या मनात? १९६५ मध्ये चॉम्स्कींनी अभ्यासासाठी एक आदर्श भाषक कल्पिला. तो पूर्णपणे एकजिनसी समाजात राहतो आणि आपली भाषा निर्दोष जाणतो. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पुण्यातला अभ्यासक ‘खाल्लो’पुढं तारा काढेल, लातूरचा ‘मी काम केलं’ ऐकून हसेल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

चॉम्स्कींच्या आधीची अमेरिकी पिढी मनाचं नावही काढत नव्हती. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ग्रंथात बजावलं होतं, की भाषेबद्दलचे उपयोगी निष्कर्ष निघतात ते फक्त उदाहरणांवरून नियमाकडं जाऊन. ऐकू येतं, नोंदवता येतं, तेवढंच विज्ञान. हा सूर कुठून आला हे उघड आहे. त्या काळी व्हिएन्नातल्या तत्त्वज्ञांचा तार्किक प्रत्यक्षार्थवाद, म्हणजे अनुभवानं पडताळता येईल तेवढंच खरं विधान हा विचार, जोरात होता आणि त्यांच्या ‘एकीकृत विज्ञान’ कोशासाठी १९३९ मध्ये भाषेवरची पुस्तिका लिहिली ती ब्लूमफील्ड यांनीच. त्यांच्या परंपरेतल्या झेलिग हॅरिस यांनी १९५१ मध्ये भाषेच्या विश्लेषणाच्या पायऱ्या काटेकोरपणे मांडल्या. त्या ग्रंथाचं परीक्षण करताना फ्रेड हाउसहोल्डर यांनी १९५२ मध्ये भाषावैज्ञानिकांच्या दोन जाती पाडल्या. एक ‘देवाचं सत्य’वाले: भाषेत रचना खरोखर आहे, आपण ती शोधून काढायची. दुसरे ‘जादूटोणा’वाले: समोर नुसता पसारा आहे, रचना आपणच त्यावर बसवतो, काम झालं म्हणजे झालं. तत्त्वज्ञानात ज्याला वास्तववाद आणि साधनवाद म्हणतात तेच हे, पण हाउसहोल्डर यांची नावं जास्त लक्षात राहतात.

कॉर्पसवाले याच निरीक्षणवाद्यांचे पुढचे वंशज म्हणता येतील. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६१ साली छापलेल्या मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे गोळा केले. दहा लाख शब्दांचा साठा संगणकात गेला. आज तो चिमुकला वाटतो. आता छापील मराठीचा असाच प्रचंड साठा कोणी उघडला आणि त्यात ‘भाकरी खाल्लो’ शोधलं, तर काय सापडेल? फारसं काही सापडण्याची मला आशा नाही. वर्तमानपत्रातल्या ‘खाल्लो’चं मुद्रितशोधकानं केव्हाच ‘खाल्ली’ केलेलं असणार. साठ्यात नाही म्हणून भाषेत नाही, असं म्हणायचं का?

या वादाचं वय दोन हजार वर्षांहून जास्त आहे. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्यात आक्षेप येतो, की व्याकरण ‘ऊष’, ‘तेर’ अशी रूपं सिद्ध करतं, पण ती कोणी वापरत नाही. पतंजली म्हणतो, शब्दाच्या वापराचं क्षेत्र अफाट आहे. ‘शवति’ हे क्रियापद जाण्याच्या अर्थानं कंबोज लोकच वापरतात, आर्यांकडं त्याचा ‘शव’ तेवढा शिल्लक आहे. सगळं क्षेत्र न ऐकता ‘असा प्रयोग नाही’ म्हणणं म्हणजे निव्वळ साहस. त्याच ग्रंथात तो म्हणतो, घडा हवा तर माणूस कुंभाराकडं जातो, पण शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. वाक्य सुंदर आहे, पण शिष्ट, म्हणजे ज्यांचं बोलणं प्रमाण मानायचं ते, कोण हे सांगायची वेळ आली तेव्हा पतंजलीनं आर्यावर्तातले ब्राह्मण निवडले. मामांना त्यानं विचारलं नसतं.

मामांना विचारायचं ते क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी, म्हणजे एसटी धरून गावात जाणाऱ्या त्या चौथ्यानं. पण विचारायचं कसं? ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, ज्याचा मराठीचा खंड १९०५ चा, बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली गेली. भाषांतर करणाऱ्याची लेखणी मूळ वाक्याच्या मागं ओढली जातेच. ‘तुम्ही खाल्लो म्हणता का हो?’ असं थेट विचारलं तर त्याहून वाईट. समोरचा चपापून म्हणतो, छे, आम्ही शुद्ध बोलतो. म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणात छोट्या चित्रफिती दाखवून काय झालं ते सांगायला लावलं.

यातली सगळ्यात नामी युक्ती अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांची. नोव्हेंबर १९६२, न्यूयॉर्कची तीन मोठी दुकानं: उंची सॅक्स, मध्यम मेसीज, स्वस्त क्लाइन. चौथ्या मजल्यावर काय मिळतं हे आधी पाहून ठेवायचं आणि विक्रेत्याला तीच वस्तू कुठं मिळेल असं विचारायचं. उत्तर येणार ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवायचं. चार ठिकाणी ‘र’ येऊ शकतो. तो उच्चारला की गिळला हे आडोशाला जाऊन टिपायचं. २६४ माणसं झाली. सॅक्समध्ये ६२ टक्क्यांनी, मेसीजमध्ये ५१ टक्क्यांनी आणि क्लाइनमध्ये २० टक्क्यांनी कधीतरी किंवा दर वेळी ‘र’ उच्चारला. लबॉव यांच्या लेखी भाषा समाजात राहते आणि ‘र’ असणं-नसणं हाच तिच्या रचनेचा भाग. एकट्याच्या मनात डोकावून हा आलेख कधीच दिसला नसता.

मामांच्या ‘खाल्लो’चं मूळही एकट्या मनात दिसत नाही. कन्नड आणि तेलुगूत भूतकाळातही क्रियापद कर्त्यामागंच चालतं आणि या भाषांचे प्रदेश त्या भागाच्या शेजारी आहेत. शेजार भाषेला किती वळण लावतो याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं आहे. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की तिथल्या कन्नड, उर्दू आणि मराठीचे शब्द वेगळे पण वाक्याचा सांगाडा एक. शब्दाला शब्द ठेवून इकडून तिकडं जाता येतं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी हा दावा कुपवाडच्याच बोलींवर पुन्हा पारखायला घेतला. तयार कॉर्पसमध्ये कुपवाड नव्हतं, जावंच लागलं.

प्रयोगशाळेबद्दल थोडंच सांगतो. वाक्यात व्याकरण अडखळलं की सुमारे ६०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत एक उंचवटा दिसतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. पुणेकराला ‘खाल्लो’वर आणि लातूरकराला ‘खाल्ली’वर तो येतो का, हे कोणीतरी करून बघावं असं मला फार वाटतं.

मग वर्गीकरण कसं करायचं? शोल्झ, पेलेटियर आणि पुलम या तिघांनी २०११ मध्ये भांड्यांची यादी सोडून थेट मुळाला हात घातला. त्यांचे तीन गट: प्रत्यक्ष उच्चारली-लिहिली गेलेली भाषा हाच विषय मानणारे बाह्यवादी (ब्लूमफील्ड, हॅरिस), माणसांच्या व्यवहारातून भाषा उगवते म्हणणारे उद्भववादी (लबॉव), आणि वापराच्या पलीकडचं सारतत्त्व शोधणारे (चॉम्स्की). शेवटच्या गटात जेरल्ड कॅट्झही बसतात. १९८१ मध्ये त्यांनी मांडलं, की वाक्यं संख्यांसारखी अमूर्त वस्तू आहेत, ना मनात ना समाजात. त्यांच्या लेखी ‘मी भाकरी खाल्लो’ असलेली एक मराठी आहे, नसलेली दुसरी आहे, आणि मामा कुठली बोलतात हा भाषाविज्ञानाचा प्रश्नच नव्हे.

परवा लातूरला गेलो तेव्हा मामांचं बोलणं टिपायचं ठरवून जेवणानंतर फोन समोर ठेवला. मामी बघत होत्या. विचारलं, ‘‘मामा, आज काय काय केलंत?’’ मामांनी फोनकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि सावकाश म्हणाले, ‘‘सकाळी मी शेतातलं काम केलं. नंतर मी भाकरी खाल्ली.’’ पुढं काही बोलेनात. मी फोन खिशात घातला. मामा मामींकडं वळून म्हणाले, ‘‘बरोबर बोललो का गं? शाळेतल्यासारखं केलो.’’