सर्व्हर प्रोग्रॅमिंगमधील रचनादोष

सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीच्या आखणीतच राहून गेलेले आणि बहुधा वापर वाढल्यावर उघडे पडणारे दोष. साधा बग एखाद्या फंक्शनपुरता असतो. रचनादोष घटकांच्या आपसातील व्यवहारात असतो, त्यामुळे प्रत्येक घटक सुटा तपासला तर बिनचूक भरतो आणि टेस्टिंगमधून सहज निसटतो.

या दोषांचे मूळ कोठे शोधावे याबाबत एकमत नाही. काही जण ते प्रोग्रॅमरच्या घाईत पाहतात. काही जण मात्र ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ या कल्पनेकडे बोट दाखवतात आणि तेच अधिक पटण्याजोगे आहे. दुसऱ्या यंत्रावरचे फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममधले असल्यासारखे बोलवावे, हा विचार १९७६ मधील आरएफसी ७०७ या नेटवर्क अभियंत्यांमध्ये फिरवलेल्या तांत्रिक टिपणात आढळतो. अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्याला भक्कम रूप दिले आणि त्यावरचा त्यांचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या सोयीमुळे नेटवर्क नजरेआड झाले. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो व सहकाऱ्यांनी यावर थेट आक्षेप घेतला: जवळचा आणि दूरचा कॉल यांत विलंब, मेमरी, समांतर काम आणि अर्धवट अपयश (प्रणालीचा एक भाग बिघडून बाकीचे चालू राहणे) यांचा फरक असतो आणि तो झाकता येत नाही. नेटवर्क विश्वासार्ह आहे, विलंब शून्य आहे अशा गैरसमजांची प्रसिद्ध यादीही याच कंपनीतली. ती पीटर डॉइच यांच्या नावे ओळखली जाते. तथापि तिचा आरंभीचा भाग बिल जॉय यांच्यासह आधीच्या अभियंत्यांचा असून आठवा गैरसमज जेम्स गॉस्लिंग यांनी १९९७ च्या सुमारास जोडला, असे सांगितले जाते.

अर्धवट अपयशाचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे संथपणा. पूर्ण बंद पडलेली सेवा बहुधा लगेच एरर देते. रेंगाळणारी सेवा बोलावणाऱ्यालाही अडकवून ठेवते. समजा, सर्व्हरपाशी २०० थ्रेड (एका वेळी एकच विनंती हाताळणारे कामाचे धागे) आहेत, सेकंदाला १,००० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला ५० मिलिसेकंद लागतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार (येण्याचा दर गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ) एका वेळी सरासरी ५० थ्रेडच गुंतलेले असतात. सर्व्हर जिच्या उत्तरावर अवलंबून आहे ती मागची सेवा रेंगाळून हाच वेळ ५ सेकंद झाला, तर ५,००० थ्रेड लागतील. म्हणजे असलेले २०० थ्रेड सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यातच संपतात आणि सर्व्हर निकामी झाल्यासारखा दिसतो, जरी त्याच्या सीपीयूवर भार जवळपास नसला तरी. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची कालमर्यादा, न लावणे हा म्हणूनच पहिल्या क्रमांकाचा दोष मानावा. जावातील जुनी एचटीटीपी जोडणी आणि पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ही दोन्ही साधने सांगितल्याखेरीज टाइमआउट लावत नाहीत.

टाइमआउटपाठोपाठ रिट्रायचा, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवण्याचा, दोष येतो. एकाखाली एक अशा तीन थरांनी प्रत्येकी तीनदा प्रयत्न केला, तर सर्वांत खालच्या डेटाबेसवर एका विनंतीचे २७ कॉल आदळू शकतात, तेही तो आधीच दमलेला असताना. रिट्राय एकाच थरात ठेवावा, दर खेपेला थांबण्याचा काळ वाढवावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळावी, हा उपाय नवा नाही. मेटकाफ व बॉग्ज यांच्या १९७६ मधील इथरनेटविषयक निबंधात त्याचे तत्त्व आहे. मात्र पुन्हा पाठवलेली विनंती निरुपद्रवी असेल, तरच तो लागू पडतो. एचटीटीपीच्या प्रमाणकात पुट व डिलीट या विनंतीप्रकारांना ही हमी आहे, पोस्टला नाही. पैसे वळते करण्याची विनंती पोहोचली पण उत्तर वाटेत हरवले, तर आंधळ्या रिट्रायने रक्कम दोनदा कापली जाते. प्रत्येक व्यवहाराला विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनेच एक खूण देऊन ती डेटाबेसमध्ये युनिक ठेवणे, म्हणजे तीच खूण दुसऱ्यांदा न स्वीकारणे, हा त्यावरचा रूढ मार्ग आहे.

डेटाबेसशी होणाऱ्या व्यवहारात ‘एन अधिक एक’ क्वेरीचा (क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी) दोष वारंवार दिसतो: १०० ऑर्डरींची यादी एका क्वेरीत आणायची आणि मग प्रत्येकीच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी करायची. प्रत्येक फेरीला २ मिलिसेकंद धरले तरी २०० मिलिसेकंद केवळ ये-जा करण्यात जातात. प्रोग्रॅमरच्या यंत्रावर दहाच नोंदी असल्याने तेथे हे जाणवतही नाही. वापरकर्त्याचा मजकूर थेट क्वेरीत जोडण्याच्या, आणि त्यामुळे हल्लेखोराला डेटाबेसवर स्वतःचे आदेश चालवू देणाऱ्या, दोषाची जाहीर चर्चा १९९८ च्या अखेरीस झाल्याचे दिसते. प्रत्यक्ष प्रकार त्याआधीचे असणे संभवते. लॉगिनचे सेशन, म्हणजे वापरकर्ता आत आल्याची नोंद, एकाच सर्व्हरच्या मेमरीत ठेवणे हाही जुनाच दोष असून दुसरा सर्व्हर जोडताच तो उघडा पडतो.

एकसंध प्रणालीचे लहान सेवांत अकाली तुकडे करणे हा दोष आहे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दहा सेवा एकामागून एक बोलवाव्या लागत असतील, प्रत्येक ९९.९ टक्के वेळ उपलब्ध असेल आणि त्यांचे बिघाड एकमेकींवर अवलंबून नसतील, तर साखळीची उपलब्धता सुमारे ९९ टक्क्यांवर येते. महिन्याच्या हिशेबात म्हणजे सेवा सात तासांहून अधिक काळ बंद राहते.