जुने रिव्हॉल्व्हर विकायचे असेल, तर आधी ते घासू नका

आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळातील रिव्हॉल्व्हरची आम्हा मूल्यांकन करणाऱ्या शस्त्रविक्रेत्यांकडे चौकशी करणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न ‘किती येतील?’ हा असतो. दुर्दैवाने, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच अनेकांनी ते शस्त्र पॉलिश पेपरने घासून, क्वचित बफिंग करून चकचकीत केलेले असते. या एका चुकीपायी आमचे दिवस जातात आणि आपले पैसे, म्हणून हे माहितीपत्रक.

जुन्या शस्त्राची ओळख त्याच्या पृष्ठभागावर असते. निर्मात्याचे नाव, क्रमांक, बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे ठसे, आर्मी अँड नेव्ही सोसायटी किंवा कलकत्त्याच्या मँटन, रॉडा यांसारख्या विक्रेत्यांची नावे, हे सारे वाचूनच आम्ही नमुना, काळ आणि अस्सलपणा ठरवतो. कोल्ट या अमेरिकी निर्मात्याच्या १८५१च्या नेव्ही नमुन्याच्या सिलिंडरवर (गोळ्या बसणाऱ्या फिरत्या भागावर) १८४३मधील कँपेचेच्या आरमारी लढाईचे चित्र उमटवलेले असते. ते इतके उथळ असते की नुसत्या वापरानेही पुसट होते. गेल्या वर्षी एका कुटुंबाने असे एक रिव्हॉल्व्हर दाखवले. लंडनच्या कारखान्याचा नळीवरील पत्ता अर्धवट शिल्लक होता आणि सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत झाला होता. कोल्टचा तो कारखाना १८५३ ते १८५६ एवढाच काळ चालला, त्यामुळे मूळ स्थितीतील वस्तूला संग्राहकाने आनंदाने मोठी किंमत दिली असती. क्रमांक ओळखण्यातच आमचे दोन आठवडे गेले आणि गेलेले चित्र तर कोणालाही परत आणता येणार नाही. नव्याने ब्ल्यूइंग (पोलादावर निळसर काळा संरक्षक थर चढवणे) केल्यानेही ही हानी भरून निघत नाही, उलट मूळ थराचा उरलासुरला पुरावा नाहीसा होतो.

तपकिरी, एकसारखा बसलेला थर हा दोष नसून वयाची खूण आहे, तो तसाच राहू द्यावा. बोटाला लागणारा लाल, भुसभुशीत गंज तेवढा हलके तेल लावलेल्या सुती फडक्याने टिपून घ्यावा. मूठ तडकलेली असली तरी बदलू नये आणि सुटा झालेला लहानसा स्क्रूसुद्धा फेकू नये.

घासण्यामागे कायद्याचाही प्रश्न आहे. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८नुसार शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नष्ट करण्यास मनाई आहे आणि अशी चिन्हे नसलेले शस्त्र विकताही येत नाही. हेतू केवळ साफसफाईचा होता, हे नंतर पटवून देणे सोपे नसते. ‘शंभर वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ हा समजही चुकीचा आहे. कलम ४५मधील सूट कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला मिळते खरी, पण ते दुरुस्त करूनही वापरता येण्याजोगे नसेल तरच. परवानाधारकाचे निधन झाले असल्यास शस्त्र घरात ठेवून गिऱ्हाईक शोधत बसू नये. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आमच्याकडे अशा जमा शस्त्रांसाठी स्वतंत्र तिजोरी आहे, आणि जमा करताना त्याच्या स्थितीची नोंद आपल्यासमोरच केली जाते.

किमतीविषयी स्पष्ट सांगणे आम्हाला योग्य वाटते. बिली द किड या अमेरिकी गुन्हेगाराला ज्या कोल्टने मारले ते रिव्हॉल्व्हर ऑगस्ट २०२१मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले, याचा दाखला ग्राहक वारंवार देतात. त्या नमुन्याची शस्त्रे पुष्कळ आहेत. ती रक्कम त्या एका शस्त्राच्या लेखी पुराव्यांसह जपलेल्या इतिहासाची होती. म्हणून घरातील आठवणीपेक्षा जुना परवाना, खरेदीची पावती, नेमणुकीचे पत्र किंवा मूळ पेटी आमच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते. शिवाय शंभर वर्षांवरील पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी दर येथे थेट लागू पडत नाहीत. याउलट, १९८०च्या दशकापासून विदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांसाठी जवळपास बंद असल्याने, परदेशात साधे समजले जाणारे चालू स्थितीतील वेब्ली अँड स्कॉट हे ब्रिटिश बनावटीचे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे चांगला भाव घेते. वापरणाऱ्याची किंमत आणि संग्राहकाची किंमत अशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या अहवालात त्या वेगळ्याच लिहिलेल्या असतात.

आम्ही फोनवर किंमत सांगत नाही आणि मूल्यांकनाचे शुल्क टक्केवारीने न घेता ठरावीक घेतो, याबद्दल काहींची नाराजी असते. परंतु जास्त आकडा लिहिल्याने आमचाच लाभ होणार असेल, तर त्या आकड्यावर आपण विश्वास का ठेवावा? विक्री आमच्यामार्फतच करण्याचे बंधन नाही. आपण दुसऱ्या पात्र व्यक्तीला थेट विकणार असाल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. त्या अर्जाचा मसुदा मूल्यांकन करून घेणाऱ्यांना आम्ही विनाशुल्क देतो.

पहिल्या भेटीला शस्त्र आणू नये. परवान्याची किंवा जमा पावतीची प्रत आणि छायाचित्रे पुरेशी आहेत: दोन्ही बाजू, नळीचा वरचा भाग, सिलिंडर, मुठीचा तळ आणि प्रत्येक ठसा जवळून. शस्त्र रिकामे असल्याची खात्री परवानाधारकाने किंवा ज्यांच्या ताब्यात ते जमा आहे त्यांनी आधी करावी. छायाचित्रे खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात काढावीत, कारण फ्लॅशच्या झगमगाटात पुसट ठसे दिसत नाहीत.