पायमोज्यातलं कुसळ

दोन दिवाळ्यांपूर्वी साताऱ्यात एका प्रदर्शनात पिंपळपानाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा दिवा पाहिला. खाली चिठ्ठी होती : ‘निसर्गप्रेरित’. बरोबर भाची होती. ती टेक्स्टाइल डिझाइन शिकते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दिवे, पडदे, बैठका असलं काहीतरी तिच्या डोक्यात घोळत होतं. चिठ्ठी वाचून म्हणाली, “मामा, याला पिंपळ म्हणायचं? वारा आला तर सळसळतो तरी का?”

पिंपळाचं पान सळसळतं ते त्याच्या लांब, लवचिक देठामुळे. दिव्याला देठ नव्हताच. मला तिचा प्रश्न आवडला. निसर्गातून आकार उचलणं सोपं असतं, तो आकार कशासाठी आहे ते उचलायला घाम फुटतो. कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून वेल्क्रोची चिकटपट्टी सुचलेल्या स्विस इंजिनिअरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती इथे सांगत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं होतं. घरी येऊन पायऱ्यांवर बसलो आणि अर्धा तास पायमोज्यांतून कुसळं उपसली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण आपल्या मोज्यातलं कुसळ नीट पाहिलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आम्ही त्या दिवशी पाहिलं.

कुसळी गवताच्या बीला खाली सुईसारखं टोक असतं. त्या टोकावर मागे वळलेले राठ केस असतात, त्यामुळे ते आत शिरतं पण बाहेर येत नाही. वरच्या बाजूला दोन-तीन इंच लांब, काळपट तपकिरी शेपूट. ती सरळ नसते. खालचा भाग दोरीसारखा पिळलेला आणि मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. भाचीने एक कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला. दोन-चार सेकंद काही नाही. मग शेपटीचा पीळ सुटायला लागला आणि गुडघ्यापासूनचा भाग घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरू लागला. सुकल्यावर उलटा फिरून पुन्हा पीळ घेतला. दुपारी कोरडं, पहाटे दवाने ओलं, असं रोज होत राहिलं की बी जमिनीत स्वतःला गिरमिटासारखं घुसवून घेतं. मेंढीच्या लोकरीतही ते असंच घुसतं, म्हणून माणदेशातले मेंढपाळ या गवताच्या नावाने बोटं मोडतात.

या शेपटीत एकही जिवंत पेशी नाही. शेपूट केव्हाच मेलेली असते. ना स्नायू, ना नस, ना बॅटरी. मग फिरवतं कोण?

हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये रानटी ओटच्या अशाच शेपटीचं वर्णन केलं आणि तिच्यापासून हवेतला ओलावा दाखवणारं साधनही सुचवलं. १८७६ मध्ये चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने अशा शेपटीच्या पेशी सुट्या केल्या. एकेकटी पेशीसुद्धा सुकताना स्वतःभोवती पीळ घेते, असं त्याला दिसलं. म्हणजे गंमत दोरीत नाही, दोरीच्या एकेका तंतूत आहे.

आता त्या तंतूच्या आत जाऊ. माझा जीव इथेच अडकलाय, तेव्हा थोडं सोसा.

वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी बनलेली असते. एक धागा साधारण ३ नॅनोमीटर जाड, म्हणजे आपल्या केसाचा वीस हजारावा हिस्सा. हे धागे ताठ असतात, त्यांच्या गाभ्यात पाणी शिरत नाही, ते लांबत नाहीत. पण त्यांच्यामध्ये हेमिसेल्युलोज नावाचा चिकट मसाला भरलेला असतो, तो पाणी पितो आणि फुगतो. उसाची मोळी डोळ्यांपुढे आणा. दोन-दोन उसांच्या मध्ये स्पंज कोंबलेला आहे. पाणी ओतलं तर मोळी जाड होईल, लांब होणार नाही. पेशीतले धागे तिच्या लांबीला समांतर असतील तर पेशीचंही तसंच होतं.

आता तेच धागे पेशीभोवती फेट्यासारखे जवळजवळ आडवे गुंडाळलेले आहेत असं समजा. मधला मसाला फुगला की फेट्याचे वेढे एकमेकांपासून दूर सरकतात आणि पेशी लांब होते. पाणी तेच, मसाला तोच, फक्त धाग्यांचा कोन बदलला. आणि कोन या दोहोंच्या मधला, तिरका असेल तर? मग पेशी सरळ लांबूही शकत नाही, नुसती जाडही होऊ शकत नाही, ती पीळ घेते किंवा सोडते. कुसळाचं सगळं इंगित या तिरक्या कोनात आहे.

लांबणारा आणि न लांबणारा असे दोन थर एकमेकांना चिकटवले तर काय होतं, ते शाळेत शिकलोय : द्विधातूची पट्टी, इस्त्रीतली. तिथे उष्णता, इथे ओलावा. सूचिपर्णी झाडाचं शंकूसारखं फळ कोरड्या हवेत उघडतं आणि पावसात मिटतं, तेही याच न्यायाने. श्टुटगार्टचे वास्तुरचनाकार आखिम मेंगेस यांनी २०१२ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू कलाकेंद्रासाठी लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची अशी रचना केली होती, जी हवेतल्या ओलाव्यावर आपोआप उघडे-मिटे.

भाचीला याच न्यायाने उघडणारा-मिटणारा, कळीसारखा दिवा करायचा होता, पण तसलं लाकूड आणायचं नव्हतं. तिने मक्याच्या कणसाची सालं घेतली, जी आपल्याकडे उकिरड्यावर जातात. सालाच्या शिरा लांबीला धावतात, त्यामुळे ते आडवंच फुगतं आणि आडवंच आकसतं. तिने पाकळ्या अशा कापल्या की शिरा पाकळीच्या रुंदीला याव्यात. म्हणजे सालाचं सगळं आकुंचन-प्रसरण पाकळीच्या लांबीत होणार. आतून पातळ सुती कापड चिकटवलं, साल बाहेरच्या बाजूला ठेवलं. अशा बारा पाकळ्या वरच्या कड्याला बांधल्या, टोकं खाली जुळवली, मध्ये एलईडी. जुना पिवळा बल्ब लावायचा नाही अशी तिची सक्त ताकीद. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि सुकं साल पेट घ्यायला तयारच असतं.

दिवा लावला की कळी उघडते. का? दहावीच्या पुस्तकातली सापेक्ष आर्द्रता आठवा. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना सुमारे ३०. श्रावणातल्या संध्याकाळी ८० टक्के आर्द्रता आहे, म्हणजे हवेत १८ ग्रॅमच्या आसपास पाणी आहे. दिव्याने कळीच्या आतली हवा पाच अंशांनी तापवली. पाणी तेवढंच, पण आता ते ३० पैकी १८ झालं, म्हणजे ६० टक्के. हवा ‘कोरडी’ झाली, साल आकसलं, पाकळी बाहेर वळली. दिवा विझला की उलट. ना मोटर, ना सेन्सर.

किती वळेल हेही काढता येतं. तिमोशेन्को या अभियंत्याने १९२५ मध्ये द्विधातूच्या पट्टीचं गणित मांडलं. दोन्ही थर सारख्या जाडीचे आणि सारखे ताठ असतील, तर वळणाची त्रिज्या म्हणजे एकूण जाडी भागिले दोन थरांच्या प्रसरणातल्या फरकाची दीडपट. पाकळी ०.४ मिलिमीटर जाड आणि फरक २ टक्के धरा : ०.४ भागिले ०.०३, म्हणजे त्रिज्या १३ मिलिमीटर. चांगली बांगडीपेक्षा घट्ट गुंडाळी. जाडी दुप्पट केली तर त्रिज्याही दुप्पट, वळण निम्मं. शिवाय पाणी आत मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीला चौपट वेळ. भाचीची पहिली पाकळी दुहेरी सालाची होती, ती तासाभराने कशीबशी कलली. पातळ पाकळी दहा-बारा मिनिटांत उघडते. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर इतकंच लक्षात ठेवा : पातळ ते चपळ.)

डिंक कोणता वापरायचा यावर पुष्कळ डोकेफोड झाली. शेवटी उत्तर माण तालुक्यातल्या एका सणगर विणकराच्या मागावर सापडलं. ती तिथे दख्खनी मेंढीच्या लोकरीसाठी गेली होती. ही लोकर राठ, अंगाला टोचते, पण बैठकीला आणि पडद्याला झकास. १०० ग्रॅम कोरडी लोकर साध्या हवेत सुमारे १६ ग्रॅम पाणी धरून ठेवते, सूत साडेआठ, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. तर तिथे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोक्यात असतं झायलोग्लुकन, आणि तेही हेमिसेल्युलोजच्याच कुळातलं. म्हणजे पेशीच्या भिंतीतल्या मसाल्याचा भाऊबंदच आमच्या पातेल्यात शिजत होता. मी दोन दिवस हवेत होतो.

जुलैत खळीला बुरशी आली. पाकळ्यांवर हिरवे-काळे ठिपके, खोलीभर कुबट वास. चिंचोक्याची खळ बुरशीला पचते, यात नवल नाही. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, तो उपाय तिने केला आणि बुरशी थांबली. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना यात नवीन काही नाही, बुरशीवर फवारायच्या त्यांच्या बोर्डो मिश्रणातलंच ते मोरचूद. पण मोरचूद माशांना विषारी असतं, म्हणून ‘शंभर टक्के नैसर्गिक, पर्यावरणस्नेही’ ही ओळ तिने आपणहून खोडली. मला हे दिव्याइतकंच आवडलं. तीन महिन्यांत कुजणाऱ्या वस्तूला टिकाऊ म्हणायची फॅशन आहे, तिच्यापेक्षा पिढीभर वापरलेली घोंगडी बरी.

याच पावसाळ्यात एका नातेवाइकांनी आमच्याकडे वास्तुदोष घालवायला गुलाबी मिठाचा दिवा आणून ठेवला. तो म्हणे नकारात्मक ऊर्जा शोषतो आणि ऋण आयन सोडतो. मीठ वितळायलाच ८०१ अंश लागतात, छोट्या बल्बच्या उबेने त्यातून आयन उडत नाहीत. आणि तो शोषतो ते पाणी. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. ऑगस्टमध्ये त्याने टेबलावर तळं केलं आणि खालचा टेबलक्लॉथ कडक झाला. नकारात्मक म्हणण्यासारखं तेवढंच घडलं.

भाचीच्या दिव्यातही खोट आहे, आणि ती साताऱ्याच्या हवेची आहे. पावसाळ्यात तो छान चालतो, थंडीतही बरा. यंदा एप्रिलमध्ये तो हॉलमध्ये टांगला होता. दुपारची हवा इतकी कोरडी की दिवा न लावताच बाराही पाकळ्या बाहेर वळून बसल्या, आणि रात्री अकरापर्यंत मिटायचं नाव नाही. आई दोनदा उठून बटण बघून आली. तिसऱ्यांदा आतूनच ओरडली, “अगं, दिवा बंद करायचा राहिलाय का?”