छिद्रदाब व खडकांचे भंजन

खडकातील तडे, संधी व रंध्रे यांत कोंडलेल्या पाण्याचा दाब (छिद्रदाब) वाढल्याने खडक फुटण्याची किंवा जुन्या भेगेवरून सरकण्याची क्रिया. सभोवतालच्या खडकांच्या भारामुळे भेग आवळलेली असते. भेगेतील पाणी त्या भाराविरुद्ध रेटते. भेगेवरील लंब प्रतिबलातून (भेगेला काटकोनात दाबणाऱ्या, एकक क्षेत्रावरील बलातून) पाण्याचा दाब वजा केल्यावर उरते ते प्रभावी प्रतिबल, आणि घर्षणाचा रोध त्याच्याच प्रमाणात असतो. अभियंते कार्ल टर्झागी यांनी १९२० नंतरच्या दशकात मातीसाठी मांडलेली ही कल्पना भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट व विल्यम रूबी यांनी १९५९ मध्ये खडकांच्या महाकाय थरांच्या सरकण्याला लावली.

दाब वाढला की प्रभावी प्रतिबल घटते. भेगेवर कर्तन प्रतिबल (तिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकवू पाहणारे) आधीच साचलेले असेल, तर ती सरकते. दाब किमान प्रतिबल (निरनिराळ्या दिशांतील प्रतिबलांपैकी सर्वांत कमी) व खडकाची ताणशक्ती यांच्या बेरजेहून अधिक झाला, तर किमान प्रतिबलाच्या दिशेला काटकोनात नवा तडा उघडतो. तेलविहिरींत १९४७ पासून हेच हेतुपुरस्सर करतात. खोलीत दर किमी.ला खडकाचा भार सुमारे २६ मेगापास्कल, तर पाण्याचा दाब सुमारे १० मेगापास्कल वाढतो. विभंग (ज्या भेगेवरून खडक सरकतात ती) निसटण्याच्या बेतात असेल, तर १०० मी. पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे सुमारे १ मेगापास्कल दाबही पुरेसा ठरत असावा.

अमेरिकेत डेन्व्हरजवळ ३,६७१ मी. खोल विहिरीत १९६२ पासून सांडपाणी दाबाने सोडले जात होते आणि लवकरच भूकंप जाणवू लागले. १९६६ मध्ये हे काम थांबले. मोठे धक्के मात्र १९६७ मध्ये बसले. पुढे त्याच कोलोरॅडो राज्यातील रेंजली तेलक्षेत्रात दाब चढवून-उतरवून भूकंपांची संख्या वाढवता-घटवता आली.

कोयनेचे उदाहरण अधिक वादग्रस्त. १०३ मी. उंच धरणाचा जलाशय १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी सुमारे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. पूर्वीच्या नोंदी विरळ असल्याने काहींनी धरणाशी संबंध नाकारला. तो आज सर्वसाधारणपणे मानला जातो. मतभेद उरतो तो कारणावर : जलाशयाचे वजन की खाली झिरपलेला दाब? वजनाचा परिणाम तत्काळ होतो, त्यामुळे भरणाबरोबरच सुरू झालेले बारीक हादरे त्याने समजावता येतात. पण मुख्य धक्का काही वर्षांनी आला आणि लहान-मोठे भूकंप अर्धशतकानंतरही होत राहिले, त्यांचा मेळ दाब खडकात संथपणे पसरण्याशी अधिक बसतो. केंद्रे बव्हंशी बेसाल्टाखालील ग्रॅनिटी खडकात आहेत. गोठणे येथील ३ किमी. खोल वेधनविहीर त्याच खडकात उतरली आहे.

धरणांच्या पायातही हा दाब घातक ठरतो. फ्रान्समधील माल्पासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटले व चारशेहून अधिक माणसे दगावली. डाव्या काठावरील तडे गेलेल्या नाइस (पट्टेदार रूपांतरित) खडकात साचलेला जलदाब हे त्याचे प्रमुख कारण समजतात. धरणांच्या बाजूंच्या खडकांत निचऱ्याची छिद्रे घेण्यावर त्यानंतर विशेष भर दिला गेला.