दोरा, नट आणि चुकलेली मोजणी
गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडत्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो दर, मोजण्यासाठी शाळेला महागडे साहित्य लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला एक जड नट, सहसा न ताणला जाणारा दोरा, मीटरपट्टी आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढ्यावर काम भागते. दोऱ्याला नट टांगला की झाला लंबक, त्याची लांबी आणि झोक्याला लागणारा वेळ मोजून गुरुत्वत्वरण काढायचे. मात्र दोरा खिळ्याला नुसता गुंडाळून बांधू नये, कारण मग झोक्यागणिक लंबकाची लांबी थोडीथोडी बदलत राहते. मधोमध चिरलेल्या बुचात तो घट्ट पकडावा आणि लांबी बुचाच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजावी, गाठीपर्यंत नव्हे.

ही लांबी १ मीटर असेल, तर लंबकाला एकदा जाऊन परत यायला, म्हणजे एका आंदोलनाला, २ सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो; हाच दोलनकाल. एकच आंदोलन मोजले आणि बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर चूक १० टक्क्यांची होते. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात (४π² × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग) दोलनकालाचा वर्ग येत असल्याने उत्तरात ती २० टक्क्यांच्या घरात जाते. वीस आंदोलने मोजली, की तेवढ्याच दिरंगाईने उत्तर जेमतेम १ टक्क्याने ढळते.

खरी फजिती मोजणीत होते. नट सोडताक्षणी मुले ‘एक’ म्हणतात आणि ‘वीस’ला घड्याळ थांबवतात, प्रत्यक्षात तेव्हा आंदोलने एकोणीसच झालेली असतात आणि उत्तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग याऐवजी १०.९ येते. वर्गातल्या निम्म्या गटांचे उत्तर असे एकाच बाजूला झुकलेले दिसले, तर मला उलट बरे वाटते, कारण चूक नेमकी कुठे आहे ते मुलांना स्वतःच हुडकता येते. मोजणी शून्यापासून करावी, आणि तीही नट मधल्या जागेवरून जाताना, कारण टोकाशी तो रेंगाळतो आणि नेमका क्षण हाती लागत नाही. झोकाही लहान ठेवावा. ३० अंशांपासून सोडल्यास दोलनकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो.

१६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे रोज दोन-अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताकडे गुरुत्वत्वरण कमी भरते, हे त्यातून उघड झाले आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे मांडताना न्यूटनने या निरीक्षणाचा आधार घेतला. दोन ठिकाणांच्या गुरुत्वत्वरणातला हा फरक ०.३ टक्के, म्हणजे १ मीटरच्या दोऱ्यात ३ मिलिमीटर इतकाच. आपल्या नटाचा मध्य डोळ्यांच्या अंदाजाने ठरवताना तेवढी चूक सहज होते.