बोल पार्कमधले शेवटचे पाच मीटर

फोन सांगतो, चार मीटर. दोन पावलं पुढे टाकली की सांगतो, सात मीटर, आणि पडद्यावरचा बाण गर्रकन मागे वळतो. पुन्हा मागे यावं, तर आता नऊ! जिओकॅशिंग करणाऱ्या प्रत्येकानं ही घालमेल अनुभवलेली असते. अवकाशातल्या उपग्रहांनी हजारो किलोमीटरवरून बोट धरून इथवर आणलं आणि नेमक्या ठिकाणी आल्यावर हात सोडला. मला या खेळाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याच शेवटच्या पाच मीटरांचं.

खेळ साधा आहे. कुणीतरी एखादी डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. शोधणाऱ्यानं ती हुडकायची, आतल्या चिठोऱ्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी जशी होती तशी परत ठेवायची. डबीला म्हणतात कॅश. ती जेवणाच्या डब्याएवढी असू शकते, नाहीतर बोटाच्या पेराहूनही लहान, लोखंडी बाकाखाली चुंबकानं चिकटवलेली.

हा खेळ कधी जन्मला ते जवळजवळ दिवसानिशी सांगता येतं. अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम गडबड मिसळत असे आणि त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ही गडबड बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही होता. शंभर मीटरच्या घेरात बादली शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. दहा मीटरच्या घेरात मात्र तोच खेळ होतो.

आता कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहरात येऊ. तिथल्या बॅरन पार्क वस्तीत, मॅटाडेरो ओढ्याच्या काठी, कॉर्नेलिस बोल पार्क नावाची छोटी बाग आहे. हिरवळ, मोठी झाडं, जुन्या रेल्वेमार्गाच्या पट्टीवर केलेली सायकलवाट आणि शेजारच्या कुरणात गाढवं! वरवर पाहता सिलिकॉन व्हॅलीची खूण म्हणावी असं इथे काहीच नाही. पण ज्यांच्या नावानं ही बाग आहे, त्या बोल यांच्याकडे जरा थांबून पाहायला हवं.

बोल मूळचे नेदरलँड्सचे. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५च्या सुमारास त्यांनी अतिउच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा घडवला. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आले आणि या परिसरात राहिले. ही बाग म्हणजे एकेकाळचं त्यांच्या कुटुंबाचं गाढवांचं कुरण. गाढवं राखण्याची ती रीत वस्तीतल्या लोकांनी पुढेही सांभाळली. इथल्या पेरी नावाच्या गाढवाच्या हालचाली पाहून २००१च्या ‘श्रेक’ या संगणकावर घडवलेल्या चित्रपटातलं गाढव बेतलं गेलं, कारण तो चित्रपट करणारा स्टुडिओ याच शहरात होता.

त्या दिव्यात विशेष काय होतं? पाऱ्याची वाफ विरळ असेल आणि तिच्यातून वीज गेली, तर बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत जाते. दाब वाढवत नेला की वाफेतले अणू दाटीवाटीनं एकमेकांवर आदळू लागतात, प्रकाशाचा पट्टा आक्रसून झगझगीत रेघेएवढा होतो आणि ३६५, ४३६ नॅनोमीटरच्या लांब तरंगांना जोर चढतो. इतका दाब आणि उष्णता साध्या काचेला सोसत नाही, म्हणून बोल यांनी क्वार्ट्‌झची केसासारख्या बारीक पोकळीची नळी वापरली आणि ती पाण्यानं थंड ठेवली.

पुढे चिप बनवणाऱ्यांना नेमका असाच प्रकाश हवा होता: छोट्या जागेतून येणारा, प्रखर, ठरावीक तरंगलांबीचा. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाला संवेदनशील लेप द्यायचा, नक्षीच्या साच्यातून त्यावर प्रकाश टाकायचा आणि मग लेपाचा नको तेवढा भाग धुऊन काढायचा. चिपवरची परिपथाची नक्षी अशी उमटते. पालो आल्टोतच, चार्ल्सटन रोडवरच्या फेअरचाइल्ड कंपनीत १९५९ मध्ये जाँ होर्नी यांची प्लेनर पद्धत, म्हणजे चकतीच्या सपाट पृष्ठभागावरच सगळे भाग घडवण्याची रीत, आणि रॉबर्ट नॉइस यांची एकसंध चिपची, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अख्खा परिपथ बसवण्याची, कल्पना पुढे आली. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या कारखान्यांत ही नक्षी उमटवायला बोल यांच्या दिव्याच्या कुळातलेच पाऱ्याचे दिवे जळत होते, आधी ४३६ आणि मग ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशानं. नक्षी आणखी बारीक झाली तेव्हा त्यांची जागा लेझरनं घेतली. म्हणजे ज्या जीपीएस चिपनं रानात बादली शोधणं शक्य केलं, तिच्या वंशावळीत या गाढवांच्या मालकाचा दिवा आहे. ही बाग निवडली ती मी त्यासाठीच.

पुन्हा त्या थरथरत्या बाणाकडे वळू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. फोनपर्यंत पोचताना त्यांच्या संदेशाची शक्ती उरते एका वॅटच्या अब्जांशाच्या एक कोटीव्या भागाएवढी. आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटात ती बुडालेली असते. मग ती ऐकू कशी येते? प्रत्येक उपग्रह १,०२३ खुणांची स्वतःची लय दर हजारांश सेकंदाला पुन्हा पुन्हा वाजवतो. ती लय फोनला तोंडपाठ असते. बाजारातल्या कोलाहलात आपल्या आईची हाक आपण ओळखतो, तसं आहे हे.

संदेश कधी निघाला आणि कधी पोचला यावरून अंतर कळतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून मायक्रोसेकंदाची चूक ३०० मीटरला पडते. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये मात्र स्वस्तातला क्वार्ट्‌झचा स्फटिक. त्यामुळे जागेचे तीन आकडे आणि फोनच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी सोडवायला किमान चार उपग्रह लागतात. त्यात आइन्स्टाइन यांचा सापेक्षतावादही आहेच: वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, कमी गुरुत्वामुळे ४५ पुढे जातं. या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर रोज दहा किलोमीटरहून जास्त चूक साचत जाईल.

एवढं सांभाळूनही बाण नाचतो, कारण बागेत झाडं आहेत. ओली पानं संदेश शोषतात. शेजारच्या भिंतीवर आपटून आलेला संदेश थोडा उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं, उपग्रहच लांब गेला. शिवाय डबी लपवणाऱ्याच्या फोनचीही अशीच चूक झालेली असते आणि दोन्ही चुका एकत्र येतात. कॅशचे आकडे अंश आणि मिनिटांत, मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत देतात. शेवटचा आकडा एकनं बदलला तर उत्तर-दक्षिण दिशेला १.८५ मीटर सरकतं आणि पालो आल्टोच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेला दीड मीटर. आकड्यातच यापेक्षा बारकाई नाही.

म्हणून जाणते लोक दहाएक मीटरवर आले की फोन खिशात टाकतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा होतो तो बाणाच्या नादी लागल्यामुळेच. नजर फिरवायची ती निसर्गाला न साजणाऱ्या गोष्टींवर: एकाच लांबीच्या काटक्यांचा ढीग, जरा जास्तच नीट रचलेले दगड, कुंपणाच्या खांबावरचं वेगळ्या रंगाचं टोपण. बोल पार्कसारख्या बागेत कॅश लपवणाऱ्याला तर इतिहासही कामी आणता येतो. बहुटप्पी कॅशमध्ये पहिल्या जागी डबी नसते, एखाद्या फलकावरचं साल किंवा खांबांची संख्या घेऊन पुढच्या जागेचे आकडे काढावे लागतात. एरवी लोक फलकांसमोरून तसेच निघून जातात. हा खेळ त्यांना ते अक्षर अन् अक्षर वाचायला लावतो आणि मला वाटतं, एखाद्या जागेची ओळख करून देण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच असेल.

नियम थोडे आहेत, पण ते मनापासून पाळावेत. बागेची देखभाल करणाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय डबी ठेवायची नाही. जमीन खणायची नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर राखायचं. डबीतली वस्तू घेतली तर तिच्या तोलाची किंवा सरस वस्तू ठेवायची. कुरण जवळ असेल तर खाण्याचं काहीही डबीत ठेवायचं नाही, जनावरांना वास लागतो. आणि बरोबर पेन्सिल न्यायची, कारण ओढ्याकाठच्या दमट डबीतल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.