दातातली चांदी: एका शब्दामागचा पारा

खान्देशात दाढ बुजवून आलेला माणूस घरी सांगतो, ‘चांदी भरली.’ अहिराणीतही ‘दातमा चांदी भरेल शे’ असंच. दातांचे दवाखाने पर्यावरणपूरक कसे करायचे, हा विषय निघाला की प्लास्टिकचे पेले आणि एकदाच वापरायचे हातमोजे आधी आठवतात. माझ्या मते खरी गाठ या ‘चांदी’त आहे.

दंतवैद्य ज्याला अमाल्गम म्हणतात, त्या या मिश्रणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. जळगावच्या सराफ बाजारात असल्या धातूला कुणी चांदी म्हणणार नाही. दवाखान्यात मात्र रंगावरून नाव पडलं आणि चिकटलं. चांदी म्हटल्यावर पेशंट पाऱ्याबद्दल विचारणार तरी कसा? दातवण आणि मिशरीच्या काळानंतर दवाखाने आले, तेव्हा डॉक्टर खलबत्त्यात पारा आणि धातूंची भुकटी घोटत, कापडात पिळून जादा पारा काढत. तो कधी बाटलीत पाण्याखाली जाई, कधी थेंब फरशीच्या फटीत. पुढे मोजून भरलेल्या कॅप्सूल आल्या.

अमेरिकेत १८४० च्या दशकातच या मिश्रणावरून दंतवैद्यांत फूट पडली होती. पण तो वाद तोंडातल्या पाऱ्याचा होता. गटारातल्या पाऱ्याकडे लक्ष गेलं ते फार उशिरा. जपानमधल्या मिनामाताचा, पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ मध्ये उघड झाला, त्याच गावाच्या नावाचा पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या यांना २०२० ची मुदत मिळाली. दातातल्या चांदीला वर्षच दिलं नाही. वापर ‘कमी करत न्यावा’ एवढंच, आणि त्यासाठी नऊ उपायांपैकी किमान कुठलेही दोन.

‘कमी करणे’ आणि ‘बंद करणे’ यांतल्या फरकावर पुढची बरीच वर्षं गेली. बंद न करण्याची सबब खोटी नव्हती. लाईट मारून बसवायचं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, महाग, त्याला कोरडा दात हवा, वीज हवी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे सगळं जमवणं अवघड. पण १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात हाताच्या अवजारांनी कीड खरवडून, विजेशिवाय दात बुजवायची पद्धत सुरू झाली होती; पुढे तीत ग्लास आयोनोमर हे आपोआप घट्ट होणारं सिमेंट भरू लागले. सातपुड्याला तीच लागू पडते. म्हणून गरिबांच्या नावाने पारा चालू ठेवण्याचा युक्तिवाद मला कधीच पटला नाही.

२०२२ मध्ये याच करारातल्या देशांत, दंतवैद्यांनी कॅप्सूलबाहेरचा सुटा पारा वापरू नये आणि पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे मिश्रण टाळावं, असं ठरलं. २०२५ च्या नोव्हेंबरात अखेर २०३४ पर्यंत बंद करण्यावर सहमती झाली.

तोवर भरलेली चांदी तोंडांत आहेच. ती घट्ट असेल तर उगाच काढू नये. काढताना पाऱ्याची वाफ निघते. झिजली, तुटली म्हणून खोदून काढली की भुगा चूळ भरायच्या भांड्यातून नळीत जातो. कण अडवणारं यंत्र बसवलं तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ९५ टक्के पकडले जातात. ते नसेल तिथे गटार, नाला आणि शेवटी गिरणा, पांझरा, तापी. चांदी भरलेला उपटलेला दात दवाखान्यातल्या जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला तर पिशवी भट्टीत जळते आणि पारा हवेत जातो. असे दात आणि उरलेला चुरा झाकणबंद बरणीत वेगळे ठेवायचे असतात.